आधी सेल, मग टॉर्च

झूमच्या, म्हणजे पुढचं डोकं सरकवून झोत लांब किंवा पसरट करायच्या टॉर्चबद्दलची पत्रं साचत गेली, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर या टॉर्च सतत येत असतात, त्यामुळे लिहिलंय ते बहुतेक उघडून पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी रोपवाटिकेत रात्रीची राखण करतो. कुंपणाचं टोक माझ्या खोलीपासून साधारण दीडशे मीटरवर आहे. झोत लांब किंवा पसरट करता येईल अशी, चार्जिंगची आणि परवडणारी टॉर्च हवी आहे. एका खोक्यावर १०,००० लुमेन, १००० मीटर, ९९०० एमएएच आणि चालण्याचा वेळ आठ तास असं छापलंय. तेवढ्याच किमतीच्या दुसरीवर ४५० लुमेन आणि २२,००० कँडेला, सेल वेगळा घ्यायचा. घरचे म्हणतात पहिली घे. काय करू?

उत्तर : दुसरी घ्या. घरच्यांना पटवायला कागद-पेन पुरेल, कारण पहिल्या खोक्यावरचे आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत.

सेलपासून सुरू करा. या टॉर्चमध्ये जो जाडसर लिथियमचा सेल बसतो त्याला १८६५० म्हणतात. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३००० ते ३५०० एमएएच असते, क्वचित थोडी वर. ९९०० त्या नळीत मावतच नाहीत. तरी वादापुरतं खरं धरू. ९९०० एमएएच म्हणजे ९.९ अँपिअर-तास. सेलचे ३.६ व्होल्ट गुणिले ९.९ म्हणजे साडेपस्तीस वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा झाली. एलईडी वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतो, म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॉट लागणार. त्या हिशेबाने तो काल्पनिक सेलही एकवीस-बावीस मिनिटांत संपतो. खोक्यावर मात्र आठ तास! खरा ३००० एमएएचचा सेल घेतला तर सहा-साडेसहा मिनिटं. शिवाय १०० वॉटमधला मोठा भाग उष्णतेत जातो आणि मुठीएवढी ॲल्युमिनियमची नळी ती उष्णता बाहेर टाकू शकत नाही, हातात धरवणार नाही इतकी तापेल. ज्याने हे आकडे छापले त्याने आतला सेलही तसाच टाकलेला असतो, आणि मला काळजी त्याची वाटते. उजेड कमी पडला तर माणूस चरफडतो एवढंच. पण हलक्या प्रतीचा सेल चार्जिंगला लावून रात्रभर उशाशी ठेवला तर धोका खरा आहे.

सेल हातात घेऊन बघा. चांगला १८६५० ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. छोट्या वजनकाट्यावर ठेवला आणि आकडा चाळिशीच्या बराच खाली आला, तर वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो, तो सेल वापरू नका. असे सेल मी काट्यावर ठेवूनच बाजूला काढते, मीटर लावायची वेळ येत नाही.

आता लांब दिसण्याचं. तुमच्या कामाला लुमेनपेक्षा कँडेला हा आकडा जास्त उपयोगी आहे. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती दाटून जातो ते. टॉर्च मोजण्यासाठी एफएल१ नावाचं प्रमाण आहे, ते अमेरिकेत २००९ साली ठरलं. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. त्यात माणूस उभा आहे एवढं कळेल, पण कोण आहे ते कळणार नाही. म्हणून छापलेल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत नीट दिसेल असं धरा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, तो कामाला पुरतो.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे : कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, अंतर मीटरमध्ये मिळतं. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. तुमचं कुंपण दीडशेवर, म्हणून छापील अंतर ३०० हवं, त्याला २२,५०० कँडेला लागतात. दुसरी टॉर्च जवळजवळ तिथेच आहे. पहिलीला हजार मीटर गाठायला अडीच लाख कँडेला लागतील, आणि ते दोन-तीन सेंटिमीटरच्या भिंगातून साध्या एलईडीने निघत नाहीत.

सेल वेगळा घ्यावा लागतोय म्हणून ती टॉर्च अपुरी समजू नका. मला तर तो तिचा गुण वाटतो. जेवढी रक्कम ठरवली असेल तिचा चांगला भाग सेलवर खर्च करा आणि उरलेल्यात टॉर्च बसवा. चांगल्या सेलवर साधी टॉर्चही वर्षानुवर्षं नीट चालते. महागड्या टॉर्चमध्ये बनावट सेल घातला की थोड्याच दिवसांत ती माझ्या टेबलावर येते. सेल घेताना ‘प्रोटेक्टेड’ मागा. त्याच्या बुडाशी छोटी पट्टी असते, ती सेल फार उतरला, जास्त चार्ज झाला किंवा शॉर्ट झाला की प्रवाह तोडते. स्वस्त झूम टॉर्चमध्ये सेल किती उतरलाय हे बघणारं सर्किट बहुतेक नसतं, त्यामुळे ते काम सेलनेच केलेलं बरं. फक्त या पट्टीमुळे सेलची लांबी ६८ ते ७० मिलिमीटर होते. टॉर्चची नळी तेवढी खोल आहे का आणि धन टोकाला बोंड हवं की सपाट चालतं, हे आधी बघून घ्या.

प्रश्न : माझी झूमची टॉर्च पसरट ठेवली की खोली भरून उजेड देते. झोत लांब केला की समोरच्या भिंतीवर पिवळसर कडांचा चौकोन पडतो, आणि एकूण उजेडही कमी झाल्यासारखा वाटतो. पीस खराब आहे का?

उत्तर : पीस चांगला आहे. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चिपचं चित्र. पुढचं डोकं सरकवता तेव्हा भिंग एलईडीपासून दूर जातं आणि नेमक्या अंतरावर आलं की चिपची प्रतिमा समोर उमटते. निरखून पाहिलंत तर चिपवरच्या बारीक तारांच्या रेषाही दिसतील. चौकोनाच्या कडा धारदार असतील तर भिंग नीट बसलेलं आहे. कधी चौकोनाच्या मध्ये काळी फुली दिसते. अशा एलईडीत चार चिप शेजारी-शेजारी बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामधली फट समोर दिसते. लांब पल्ल्यासाठी असा एलईडी मी टाळते. लहान, एकाच चिपचा एलईडी घट्ट ठिपका देतो.

उजेड कमी होतो हेही खरं आहे. भिंग दूर गेलं की एलईडीच्या बाजूने निघणारा उजेड त्याच्यापर्यंत पोचतच नाही, नळीच्या आतल्या भिंतीवर आपटून वाया जातो. लांब झोतात लुमेन निम्म्याहूनही कमी होऊ शकतात. जे उरतं ते एका ठिपक्यात गोळा होतं, म्हणून दूरचं दिसतं. खोक्यावरचे लुमेन बहुधा पसरट झोताचे असतात आणि अंतर लांब झोताचं. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. रिफ्लेक्टरच्या साध्या टॉर्चमध्ये बाजूचा उजेडही वळवून पुढे येतो, मध्ये ठळक ठिपका आणि भोवती फिकट कडं. ज्यांना जवळचं आणि दूरचं एकदमच बघायचं असतं त्यांना मी रिफ्लेक्टरचीच सुचवते. टॉर्च एका जागी धरून कधी जवळचं काम करायचं, कधी दूरवर बघायचं, अशा माणसाला झूम बरोबर.

प्रश्न : आम्ही रात्री डोंगर चढायला जातो. लांब झोताची झूम टॉर्च बरोबर न्यावी का? गेल्या वेळी धुक्यात काहीच दिसलं नाही.

उत्तर : बरोबर असू द्या, पण चालताना तिच्यावर विसंबू नका. पायांपुढचे दोन-चार मीटर सारखे उजळलेले हवेत, त्याला डोक्यावर बांधायचा दिवा चांगला आणि हातही मोकळे राहतात. झूम टॉर्च खुणेचा दगड शोधायला, पुढची वाट कुठे वळते ते बघायला.

धुक्यात दिसत नाही कारण उजेड पाण्याच्या थेंबांवरून उलटून तुमच्याच डोळ्यांत येतो. दिवा डोळ्यांच्या जितका जवळ तितकी समोरची पांढरी भिंत दाट. म्हणून धुक्यात डोक्यावरचा दिवा काढून हातात घ्या, कमरेच्या खाली धरा, उजेड कमी करा. फरक लगेच जाणवतो. अशा वेळी पूर्ण ताकदीवर लावलेली टॉर्च कमी ताकदीच्या टॉर्चपेक्षा कमी दाखवते.

प्रश्न : माझ्या टॉर्चमध्ये तीन बारक्या पेन्सिल सेलचं (एएए) होल्डर आहे, आणि ते काढून एक जाड लिथियम सेलही बसतो. बारके सेल चार्जिंगचे घेतले तर चालतील का?

उत्तर : चालतील, आणि मी ते घ्याच म्हणेन. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे, तीन मिळून साडेचार. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, तीन मिळून ३.६. सुरुवातीला उजेड किंचित कमी वाटेल. पण अल्कलाइनचा व्होल्टेज जड वापरात भराभर घसरतो, निकेलचा बराच वेळ टिकून राहतो. शिवाय विसरून पडून राहिलेले अल्कलाइन सेल गळून होल्डरच्या स्प्रिंगा हिरव्या करून टाकतात, निकेलचे सहसा गळत नाहीत. ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ लिहिलेले घ्या, ते महिनोन्महिने न वापरताही चार्ज धरून ठेवतात. तिन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे असावेत आणि एकत्रच चार्ज व्हावेत. एक जुना सेल मध्ये घातला की तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोन त्याला उलटा चार्ज करू लागतात, त्यात तो मरतो.

आता तुम्ही न विचारलेलं एक, पण ते वाचल्याशिवाय पान उलटू नका. होल्डर आत असताना टॉर्चची चार्जिंगची पिन लावायची नाही. टॉर्चमधलं सर्किट एका लिथियम सेलला ४.२ व्होल्टपर्यंत भरण्यासाठी असतं. त्याला निकेलचे सेल कधी भरले ते कळत नाही, आणि अल्कलाइन तर भरायचे नसतातच. ते गळतात, कधी फुटतात. पेन्सिल सेल त्यांच्याच चार्जरमध्ये भरा.

प्रश्न : पेन्सिल सेलच्याच आकाराचा लिथियम सेल मिळतो म्हणे. तो घातला की उजेड दुप्पट होतो का?

उत्तर : तो १४५००, नेहमीच्या (एए) पेन्सिल सेलच्या आकाराचा, बारक्याच्या नाही. पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट देतो, पेन्सिल सेल १.५. टॉर्चवर १४५०० चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच घाला, उजेड खरोखर वाढतो. लिहिलं नसेल तर सर्किट जळू शकतं. आणि तो सेल घरात पेन्सिल सेलच्या डब्यात चुकूनही ठेवू नका, कुणीतरी रिमोटमध्ये घालेल.

प्रश्न : नव्या टॉर्चला टाइप-सी चार्जिंग आहे, पण माझ्या फोनच्या चार्जरवर ती चार्जच होत नाही. जुन्या चार्जरवर होते. टॉर्च परत करू?

उत्तर : दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली असणार. नवे चार्जर आधी समोर कोण आहे ते विचारतात आणि उत्तर मिळाल्यावरच वीज सोडतात. ते उत्तर द्यायला टॉर्चमध्ये ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रोधक लागतात. स्वस्त टॉर्चमध्ये ते वाचवलेले असतात. जुन्या, चौकोनी पिनच्या चार्जरवर एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी केबल लावली की काम होतं, कारण तो चार्जर काही विचारत नाही. परत करण्याएवढा दोष नाही. पण उत्पादकाने एवढ्यातही हात आखडला असेल तर चार्जिंग एकदा तपासाच. पूर्ण भरल्यावर सेल बाहेर काढून मल्टिमीटर लावा. ४.१५ ते ४.२० व्होल्ट दिसायला हवेत. ४.२५ च्या वर गेला असेल तर त्या टॉर्चमध्ये सेल चार्ज करणं आजपासून बंद, वेगळा चार्जर घ्या.

वेळेबद्दलही काही जणांनी विचारलंय. बहुतेक अशा टॉर्च अर्धा किंवा एक अँपिअरने चार्ज होतात. २६०० एमएएचच्या सेलला अर्ध्या अँपिअरवर सहा तासांच्या आसपास लागतात, कारण शेवटी प्रवाह कमी होत जातो. रिकामा सेल लावून तासाभरात दिवा हिरवा झाला तर सेलची क्षमता छापल्याइतकी नाही.

प्रश्न : झूमची टॉर्च पावसात चालते का? खोक्यावर वॉटरप्रूफ आहे.

उत्तर : शिंतोडे चालतील, धो धो पाऊस नाही. सरकणाऱ्या डोक्यात हवा आत-बाहेर होते, सायकलच्या पंपासारखी. डोकं पुढे ओढलं की बाहेरची ओल आणि धूळ आत ओढली जाते आणि भिंगाच्या आतून वाफ धरते. म्हणून आयपीएक्स४ लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवा, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ते सरकणाऱ्या झूमला क्वचित जमतं. पावसात निघायचंच असेल तर झोत आधी ठरवून घ्या आणि बाहेर डोकं सरकवू नका.

डोकं सैल होऊन आपोआप मागे जातं अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली आहे. आत रबराची गोल रिंग असते, ती झिजते किंवा कोरडी पडते. तेवढ्याच मापाची किंचित जाड रिंग घाला आणि सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्या. स्वयंपाकाचं तेल किंवा मशीनचं तेल लावू नका, काही रबरं त्याने फुगतात.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० निघतात. ते फुकट मिळतायत तर टॉर्चला वापरू का?

उत्तर : मला हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण हौशी आणि हाताचे कसबी असतात, म्हणून नीट सांगते. सेल मुळात चांगल्या कंपनीचे असतात हे खरं. पण पॅक निकामी झाला तो बहुतेकदा त्यातला एखादा सेल गेला म्हणून, आणि तो नेमका कोणता हे बाहेरून दिसत नाही. जो फारच उतरून दीर्घकाळ तसाच पडून होता, त्याच्या आत तांबं विरघळून नंतर चार्ज करताना काट्यासारखं वाढतं आणि आतल्या आत शॉर्ट होतं. हे सेल प्रोटेक्टेड नसतात, कारण संरक्षणाचं सर्किट पॅकमध्ये होतं. क्षमता आणि अंतर्गत रोध मोजायचा चार्जर तुमच्याकडे असेल आणि वापरता येत असेल तर विचार करा. नसेल तर हे सेल ई-कचऱ्यात द्या. दोन सेल एकामागे एक बसणाऱ्या टॉर्चमध्ये तर असे सेल अजिबात नकोत. एक लवकर रिकामा झाला की दुसरा त्याला उलटा चार्ज करू लागतो.

कुठलाही सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका. धन टोकाभोवतीची पातळ गोल चकती आणि वरचं वेष्टन एवढंच त्याचं कवच असतं. बाकीचं सगळं पत्र्याचं अंग ऋण टोक आहे. वेष्टन बोंडाजवळ फाटलं आणि किल्ली आडवी पडली की सेल लालबुंद तापतो. वेष्टन फाटलेला सेल वापरातून काढा, किंवा नवं वेष्टन आणि नवी चकती चढवून घ्या. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत. विमानाने जाताना ते हातातल्या सामानात, चेक-इनच्या बॅगेत नाही.

प्रश्न : वीज गेल्यावर लागावी म्हणून एक टॉर्च घरात ठेवायची आहे. वर्षभर चार्जिंगला लावून ठेवू का?

उत्तर : नको. लिथियमचा सेल पूर्ण भरलेला आणि उबेत पडून राहिला की लवकर म्हातारा होतो. साधारण अर्धा ते पाऊण भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघा. बटण मागच्या टोकाला, खटकन दाबायचं असेल तर बंद असताना सेल उतरत नाही. बटण अंगावर, मऊ दाबाचं असेल तर ते ‘जागं’ राहायला थोडा प्रवाह घेतच राहतं. अशा टॉर्चची मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवा. बऱ्याच टॉर्चच्या आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो, त्यामुळे तेवढ्यानेच सर्किट तुटतं. तुमच्या टॉर्चमध्ये तुटतं का ते टोपी सैल करून बटण दाबून बघा.

घरासाठी झूमपेक्षा सर्वांत मंद मोड कसा आहे याकडे जास्त लक्ष द्या. पाच-दहा लुमेनचा मोड छताकडे करून ठेवला की खोलीत वावरण्यापुरतं दिसतं, आणि एक १८६५० कित्येक रात्री पुरतो. चालू करताना दर वेळी आधी लखलखता स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा झोत) येणारी टॉर्च घेऊ नका, अंधारात घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती वापरता येत नाही. दुकानात बटण पाच-सहा वेळा दाबून हे कळतं. मंद मोड लावून फोनच्या कॅमेऱ्यातूनही बघा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकत असतील तर उजेड सारखा चालू-बंद होतोय, आणि काहींना त्याने डोकं दुखतं.

एक जागेचंही. झूमच्या टॉर्चचं भिंग खिडकीतल्या उन्हाकडे तोंड करून ठेवू नका. ते सूर्याला आतल्या एलईडीवर गोळा करतं. मधोमध तपकिरी डाग पडलेले एलईडी माझ्याकडे येतात ते बहुतेक असेच जळलेले. टॉर्च कपाटात ठेवा किंवा भिंग खाली करून उभी करा.